पिशवी

माझी धाकटी बहीण ऊसतोडीला जाते. दिवाळीनंतर टोळी कर्नाटकात निघणार होती आणि त्याआधी तिची पिशवी काढायची, असं घरात ठरूनसुद्धा गेलं होतं. वय अठ्ठावीस. पोटात दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय, एवढीच तक्रार. तालुक्याच्या डॉक्टरनं दोन मिनिटांत सांगितलं, गर्भपिशवी काढून टाका. आई म्हणाली, "दोन लेकरं झालीत, आता कशाला ठिवायची? गल्लीतल्या समद्यांच्या निघाल्या, माझीबी."

मी भांडकुदळ आहेच. भांडून आठ दिवस मागून घेतले आणि तिला बीडला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

मी शाळेत मराठी शिकवते. घाबरले की माझी बडबड सुरू होते, आणि तीही शब्दांवर. नंबर लागेपर्यंत तिला समजावत बसले. अगं, बाजारची पिशवी हाय का ती, जुनी झाली की फेकायला? संस्कृतात गर्भाशय म्हणतात, म्हणजे गर्भाची राहायची जागा.

"कानडीत गर्भचीला म्हणत्यात. चीला म्हंजी पिशवीच," ती म्हणाली. तिकडच्या फडात तिनं तेवढी भाषा उचललेली.

मी कसली हटते. शेजारच्या उर्दू शाळेतल्या बाईंनी सांगितलेलं काढलं. अरबीत तिला रहिम म्हणतात. आपण 'रहम कर' म्हणतो, तो रहम त्याच धातूतला. रक्ताच्या नात्यालाही तिकडं तोच शब्द आहे.

"ताई, पुस्तक मिट आता. लई दुखतंय मला."

मी तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकवून घेतलं. खरंच काही निघालं तर आईला काय तोंड दाखवू, हेच डोक्यात फिरत होतं.

सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई नुसत्या पडद्याकडे बघत होत्या. तेवढ्यात मी होते नव्हते ते सगळे देव आठवले. मग त्या म्हणाल्या, गर्भाशय चांगलं आहे, काढायचं काही कारण नाही. जंतुसंसर्ग आहे, नवराबायको दोघांनी गोळ्या घ्या, पंधरा दिवसांनी दाखवा.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत होती. मी जरा तोऱ्यातच गोळ्या तिच्यापुढं ठेवल्या आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ ते पाकीट उलटंपालटं करत राहिली.

"मलाबी एवढंच व्हतं," ती म्हणाली. "नुस्त्या गोळ्यांनी जातंय व्हय?"