चिनी शेठच्या घरात गाऱ्हाणं

माझगावातलं चिनी व्यापाऱ्याचं ते जुनं घर आईनं चाळीस वर्षं बाहेरूनच पाहिलं होतं. एका रविवारी ते लोकांना बघायला उघडणार असं कळलं आणि तिनं हट्टच धरला. "चाळ सोडूच्या आधी एकदा बघूया रे." घोडपदेवहून चालत पंधरा मिनिटं. मी, बायको आणि आई निघालो.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमची चाळ पाडून टॉवर होणार होता आणि तोवर राहायला भाड्याची जेमतेम एक खोली मिळाली होती. एवढ्याशा जागेत बायकोची ओढाताण होईल म्हणून आईला गावी ठेवायचं मी परस्पर ठरवून टाकलं, तिकीटही काढलं. फक्त आईला सांगायचं राहिलं होतं. वाटेत सांगू म्हटलं, तर वाटच संपली.

घरात माझं लक्ष कशातच लागेना. काळ्या लाकडाच्या खुर्च्या, रंगीत काचा, भिंतीवर सोनेरी अक्षरं. मी दर दोन मिनिटांनी मोबाइल काढत होतो. आई मात्र जिन्याचा कठडा चाचपत, "सागवान आसा," म्हणत सावकाश चाललेली.

"आई, चल ना! विकत घ्यायचंय का घर?" मी खेकसलो. बायकोनं डोळे वटारले.

आतल्या दालनात व्यापाऱ्याच्या वाडवडिलांच्या तसबिरी होत्या. पुढे संत्री, उदबत्त्या आणि तेवता दिवा. घरचे सगळे परदेशात, दिवा मीच लावतो, असं राखणदार म्हणाला. आईनं चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि चक्क गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आम्ही कोकणातली माणसं देवापुढे असं मोठ्यानं मागतो, आणि प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं. पण हे परक्याचे पूर्वज! लोक वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बा महाराजा, तुमची पोरां लांब गेली, तरी तुमचो दिवो पेटतासा. तसोच आमचोय पेटत ऱ्हवांदे!"

"व्हय महाराजा," मी सवयीनं पुटपुटलो.

"माझ्या झिलान माका गावाक एकटीक ठेवचा ठरवल्यान हा. ता तेच्या मनातसून काढून टाक रे महाराजा!"

म्हणजे तिला कळलं होतं. उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. आई डोळे मिटून, हात जोडून तशीच उभी.

"व्हय महाराजा!" मागून बायको खणखणीत म्हणाली.

जिच्या नावावर मी हे सगळं खपवणार होतो, तिला मी एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मान खाली घालून मीही म्हणालो.

आईनं एक डोळा उघडला.

"मोठ्यान म्हण."