तीन दिवसांचा लहान जाळ

त्या सकाळी मी बटाटे सोलत होते आणि माझे सासरे आन्सेल्म वाडग्यातल्या कॉफीत पाव बुडवून खात होते. विकतचा पाव. पूर्वी असला पाव घरात आला असता तर त्यांनी तो कोंबड्यांपुढे टाकला असता. दारावर थाप पडली तशी त्यांनी वाडगं बाजूला सारलं आणि मला खूण केली, घरी नाही म्हणून सांग. गेलं वर्षभर हेच चाललं होतं.

आमच्या गावात चर्चमागे दगडी भट्टी आहे, सगळ्या गावाची. उन्हाळ्यातल्या जत्रेलाच पेटते, आणि पेटवायचा मान सासऱ्यांच्या आजोबांपासून आमच्या घराकडे. एरवी थंड, ओल धरून पडलेली. तिला आधी तीन दिवस लहान लहान जाळ देऊन वाळवायची, मग मोठा जाळ; नाहीतर ओला दगड एकदम तापून फुटतो. गेल्या वर्षी सासऱ्यांचा गुडघा सुजला, चर्चचा चढ चढवेना. गावातली रेजीन म्हणाली, काका, भट्टीची किल्ली द्या, लहान जाळ मी देते. तिचं केस कापायचं दुकान आहे. सासरे चारचौघांत म्हणाले, "ती भट्टी आहे बाई, केस वाळवायचं यंत्र नव्हे." सगळे हसले. रेजीनही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

जत्रेच्या दिवशी सासऱ्यांनी काठी टेकत जाऊन मोठा जाळ दिला, पाव आत सरकवले आणि थोड्या वेळाने बार उडावा तसा आवाज झाला. घुमटाचा मधला दगड फुटून सगळ्या गावाच्या पावांवर पडला होता. लोक म्हणाले, जुनी भट्टी, कधीतरी व्हायचंच. कुणी सासऱ्यांना एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच त्यांना सोसेना. तेव्हापासून ते चौकात गेले नाहीत, दाढीसुद्धा घरीच करू लागले.

दारात सरपंचबाई सोलांज होत्या, मागे रेजीन. "घरी नाहीत," असं मी म्हणेपर्यंत आतून खोकला आला. सोलांज हसत आत आल्या. घुमट नव्याने बांधून झाला होता, जत्रा पुढच्या आठवड्यात होती. त्यांनी टेबलावर काळ्या दगडाची पाटी ठेवली. तिच्यावर कोरलं होतं, भट्टीचे राखणदार, आणि खाली सासऱ्यांचं नाव. भट्टीच्या तोंडाशी बसवायची म्हणाल्या.

सासऱ्यांनी पाटी उलटी करून ठेवली. मान खाली घालूनच बोलले.

"दगडाचा दोष नव्हता, सोलांज. मी लहान जाळ दिलेच नाहीत. पाय शेकत घरी बसलो, आणि पहाटे जाऊन आलो म्हणून सांगत राहिलो."

रेजीन शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक होतं. माझी खिडकी भट्टीसमोर आहे. तीन दिवस धूर दिसला नाही."

"मग बोलली का नाहीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"केस वाळवणारीचं कोण ऐकणार होतं, काका?"

त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी टेबलावरचे पावाचे तुकडे बोटाने गोळा केले. मग उठले, खुंटीवरची भट्टीची किल्ली काढली आणि रेजीनच्या हातात दिली.

"यंदापासून जाळ तू दे," ते म्हणाले. "ते तीन दिवस मला नुसतं शेजारी बसू दे."