जावईबापूंच्या चार कप्प्या

धाकट्या बहिणीचा नवरा वाईट माणूस आहे, असं मला कधीच म्हणता आलं नाही. खरी पंचाईत तीच.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. खिशात पाना, नखांत ग्रीस आणि बोलणं इतकं मऊ, की भांडायला आलेला माणूस चहा पिऊन जावा. आमच्याकडे येऊ लागल्यापासून त्याने करकरणारी दारं गप्प केली, गळका नळ दुरुस्त केला, आईचं शिवणयंत्र चालू केलं. आई पहिला चहा त्याला देते. मी पोटची पोर, मला दुसरा.

तेही मी गिळलं असतं. पण बाबांची शिडाची होडी माझी होती. त्यांचा खांदा गेला तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, शीड मीच चढवत आले. बाबा सुकाणूवर, मी दोरावर. धाकटीला नवरा मिळाला, घर मिळालं. मला रविवार सकाळचे ते तीन तास मिळाले आणि तेवढ्यावर मी खूश होते.

एका रविवारी जावईबापू चार कप्प्या घेऊन धक्क्यावर हजर. दोन डोलकाठीच्या शेंड्याला बांधल्या, दोन शिडाच्या काठीला, आणि नवा दोर चारही कप्प्यांतून फिरवला.

"दोर चौपट ओढावा लागेल बाबा, पण जोर चौथाईच."

बाबांनी चांगल्या हाताने, एकट्याने शीड वर नेलं आणि ते हसले. असं हसताना मी त्यांना किती वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्या पोटात दुखलं, लपवत नाही.

"ताई, एकदा नजर टाका," तो मला म्हणाला. "काही राहिलंय का? मला पाण्यातलं कळत नाही."

राहिलं होतं. त्याने दोर कप्पीत घट्ट बसेल इतका जाड घेतला होता. लिफ्टचा दोर पोलादी, तो फुगत नाही. आमचा सुताचा, भिजला की फुगतो. मग तो कप्पीत अडकणार आणि शीड खाली यायचं नाही. कोरडा होता तोवर सगळं लोण्यासारखं सरकत होतं.

"छान आहे," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, "आज तू आराम कर, मी एकटाच जातो." मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. शेजारी जावईबापू होताच. परतताना वारा वाढला, लाटांनी दोर भिजला. धक्का जवळ आला तरी शीड उतरेना. बाबा दुखऱ्या खांद्याने हिसके देत होते. होडी तशीच भरवेगात येऊन आपटली. पुढची फळी फुटली आणि बाबांच्या कपाळातून रक्त आलं.

जावईबापूने उडी मारून दोर कापला, बाबांना हात देऊन वर घेतलं.

"हा दोर घालण्याआधी कुणाला विचारलं होतंस का?" बाबांनी कपाळ दाबत त्याला विचारलं.

मी पायाखालच्या फळ्या बघत राहिले.

"नाही बाबा," तो म्हणाला. "माझंच चुकलं. ताईंना विचारायला हवं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांनी कपाळावरचा हात काढला. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"कबूल करायला छाती लागते," ते म्हणाले.

अकरा वर्षांत तो हात माझ्या पाठीवर एकदाही पडला नव्हता. आता तो माझ्या चुकीसाठी पडला, आणि तोही त्याच्याच पाठीवर.