तीन वाजताचा बायकांचा खेळ

आवडाबाईचा आवाज रेवदंड्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन ती कोटाच्या भिंतीशी उभी राहायची, "सोडे घ्या, बोंबील!" म्हणून एक हाक द्यायची, आणि दोन आळ्या ओलांडून पलीकडच्या बायका भांडी घेऊन बाहेर यायच्या. नवरा समुद्रात बुडाला त्याला नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. चाळिशी उलटली तरी पाठ ताठ, जीभ तिखट, आणि कुणाच्या अध्यातमध्यात नाही, अशी ती बाई.

एकोणीसशे अठ्ठावीसच्या दिवाळीनंतर बंदरावरच्या मिठाच्या जुन्या गोदामात सिनेमा आला. संध्याकाळी पुरुषांचा खेळ आणि दुपारी तीन वाजता बायकांचा. फटींत गोणपाटं कोंबून गोदामात काळोख केलेला असे. चित्रं मुकी. मध्येमध्ये पडद्यावर अक्षरं उमटत, ती वाचून गोष्ट सांगायला नुरुद्दीन मास्तर म्हणून एक सज्जन माणूस पडद्याशेजारी उभा राही. पण काळोखात परका पुरुष म्हटल्यावर बायका यायला तयार होईनात. बायकांच्या खेळाला दारावर बसायला ठेवलेल्या आवडाबाईकडे बोट दाखवून सिनेमावाला शेठ म्हणाला, "मास्तर, हिला शिकवा."

नुरुद्दीनने दोन दिवसांत तिला सगळी गोष्ट पाठ करून दिली. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेलं ती विसरत नसे.

गोष्ट साधी होती. एक जहागीरदार संशयाने पेटतो आणि आपल्या बायकोचा गळा दाबतो. ती अंग सैल सोडते, हात खाली पडतो. मेली समजून तो निघून जातो. मग ती हळूच उठते, आणि पुढे भुताचं सोंग घेऊन त्याला वेडा करते.

पहिल्या दिवशी त्याचे हात तिच्या गळ्याकडे गेले तशी गोदामात किंकाळी उठली. चार-पाच जणी दाराकडे धावल्या. एकीने पानाची चंची पडद्यावर भिरकावली, "सोड मेल्या तिला!" बंदरावरच्या व्यापारी घरातली मासूमा बुरख्याचं टोक तोंडात कोंबून खाली मान घालून बसली ती गोष्ट संपेपर्यंत. पडद्यावरची बाई उठली तेव्हा बायका रडत हसल्या.

चौथ्या दिवशी किंकाळी नव्हती. उकडलेल्या शेंगा सोलत बायका त्या जागेची वाट पाहत होत्या. जहागीरदार खोलीत शिरला तशी मागून हाक आली, "आवडाबाय, आता दाब म्हन!" सगळ्या हसल्या. आणि आवडाबाई म्हणाली. नुरुद्दीनने शिकवलं नव्हतं तेही म्हणाली. "बघा, कसा दाबतोय! डोळं पांढरं झालं! जीव घशात आला!" दीडशे बायकांचा श्वास आपल्या एका शब्दावर अडकतो आणि एका शब्दावर सुटतो, हे तिला कळलं होतं. मासळी विकताना असं सुख कधी मिळालं नव्हतं. शेठही खूश होता. यंत्राची मूठ फिरवणाऱ्याला त्याने सांगून ठेवलं, त्या जागी हात हळू चालव. तेव्हापासून गळा दाबणं दुप्पट वेळ चालू लागलं. मासूमा रोज यायची आणि रोज त्या जागी मान खाली घालायची. शेजारणी तिची थट्टा करत.

राही मात्र ओरडत नसे, हसत नसे. तिसऱ्या खांबाला टेकून ती रोज एकटीच बसे. तिचा नवरा धर्माजी बंदरावर गलबतांच्या फळ्यांच्या फटींत कापूस आणि डांबर ठासायचा. खाली बघून चालणारा, कुणाला उलट न बोलणारा माणूस म्हणून गावात त्याचं नाव होतं. सहाव्या दिवशी खेळ सुटल्यावर राही दाराशी रेंगाळली.

"आवडाबाय, एक विचारू? ती हात सोडते नं खाली, तवा श्वास धरून ठेवते का सोडून देते?"

"कोन गो?"

"ती. शिनेमातली."

आवडाबाईला हसू आलं. "मला काय ठाव! मास्तरला इचारीन."

नुरुद्दीनला विचारलं तर तोही हसला. "बाई, त्याचे हात तिच्या गळ्याला लागतसुद्धा नाहीत. हे चित्र काढलं तेव्हा मी मुंबईत पाहिलंय. खुदा कसम, तो बिचारा तिच्या गळ्यातली माळ तुटेल म्हणून घाबरत होता."

दुसऱ्या दिवशी आवडाबाईने हीच गंमत राहीला सांगितली. राही हसली नाही.

"लागत न्हाईत?"

"न्हाय गो. सगला खोटा."

"म्हंजी ती वाचते ती तेवढ्यानंच," राही म्हणाली. मग पदर गळ्याशी घट्ट ओढून घेत ती वळली. ओढताना तो क्षणभर सरकला. गळ्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढे दोन डाग होते, एक काळानिळा, एक पिवळा पडत आलेला.

"राही!"

ती थांबली नाही.

त्या संध्याकाळी आवडाबाई पुरुषांच्या खेळाला दाराआड उभी राहिली. धर्माजी पुढच्या रांगेत होता. जहागीरदाराने गळ्याला हात घातला तेव्हा शिट्ट्या झाल्या, कुणी "शाब्बास!" म्हणालं, कुणी म्हणालं, "अशीच जिरवली पायजे." धर्माजी काही बोलला नाही. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि दोन्ही अंगठे सावकाश खाली दाबले जात होते. पडद्यावरची बाई उठली तसा तो पुढे झुकला आणि बारकाईने पाहू लागला.

खेळ सुटल्यावर आवडाबाई शेठकडे गेली. "शेठ, तेवढा गला दाबायचा काढून टाका."

"अरे वा! त्याच्यासाठी तर लोक येतात." शेठला खरंच नवल वाटलं. "आणि हे चित्र आहे, बाई. चित्राने कोण मरतं?"

राहीचे डाग शेठला सांगावेत असं तिच्या ओठांवर आलं. पण परक्याच्या घरातली गोष्ट परक्या पुरुषापुढे कशी काढायची? ती तशीच घरी निघाली. पुढे कितीदा तरी तिला वाटलं, तिथे बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या परीने एक केलं. ती जागा आली तशी ती बोलायची थांबली. गोदामात यंत्राची खरखर तेवढी ऐकू येत होती.

"बोल की!" एकजण ओरडली. "आवडाबाय, दातखिल बसली का?"

मग काळोखातून कुणीतरी म्हणालं, "बघा, कसा दाबतोय!" दुसरीने जोडलं, "डोळं पांढरं झालं!" आणि सगळं गोदाम एका सुरात म्हणू लागलं, "जीव घशात आला!" शब्द तिचेच होते. आता तिची गरज उरली नव्हती.

तिने तिसऱ्या खांबाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

ती खेळ तसाच टाकून निघाली. कोटाच्या आतल्या आळीत शेवटचं घर धर्माजीचं. भर दुपारी दार लावलेलं, आतून कडी. आत काही पडल्याचा आवाज झाला आणि नंतर काहीच नाही.

"राही! ए धर्माजी, दार उघड!" तिने फळीवर मुठी आपटल्या, खांदा लावला. दार हलेना. तेव्हा ती अंगणात वळली आणि बोंबिलाला देई तशी हाक तिने दिली. "धावा गो! राहीला मारतोय!"

एव्हाना खेळ सुटला होता. बायका धावत आल्या, आळी भरून गेली. चौघी-पाच जणींनी मिळून रेटा दिला तशी कडी निखळली. आवडाबाई उंबऱ्यावर तोंडघशी पडली. तिने मान वर केली तेव्हा धर्माजी राहीच्या छातीवर गुडघा देऊन बसला होता, अंगठे गळ्यावर. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो तिच्याकडे टक लावून पाहत होता, काही व्हायची वाट बघावी तसा.

राहीचा हात जमिनीवर पडला.

दारातल्या बायका पुढे आल्या नाहीत. अर्धगोल करून त्या उभ्या राहिल्या, एकीच्या खांद्यावरून दुसरी बघत. कुणी ओरडलं नाही. मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "अगदी तस्सा!" आणि कुणी दबलेल्या, जवळजवळ आनंदी आवाजात म्हणालं, "थांबा, आता उठंल."

सगळ्या थांबल्या.

तेवढ्यात बुरख्यातली एक आकृती गर्दी फाडत आत घुसली. रोज मान खाली घालणारी ती मासूमा. "या अल्ला, मरतेय ती!" तिने भिंतीशी टेकलेलं मुसळ उचललं आणि धर्माजीच्या खांद्यावर घातलं. तो कोलमडला, तरी पकड सुटली नव्हती. आवडाबाईने त्याचे अंगठे एकेक करून सोडवले. मग एकदम गलका झाला, पाणी आलं, रडारड झाली. ज्या उभ्या होत्या त्याच राहीचे तळवे चोळू लागल्या.

राही वाचली. आवाज मात्र परत आला नाही, नुसती कुजबुज उरली. म्हसळ्याचा तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. धर्माजीला अलिबागला नेलं, कोर्टात उभं केलं. तिथे तो शांतपणे म्हणाला, "मी बघत व्हतो सायेब, ती उठते का." त्याला चार वर्षांची सजा झाली. सुटल्यावर तो रेवदंड्याला आला नाही.

सिनेमा पुढच्या आठवड्यात माणगावला गेला. रेवदंड्याची भानगड कानोकानी पोहोचली होती, आणि तिथे, शेठ सांगे, खेळाला जागा पुरेना. आवडाबाईला त्याने बोलावणं धाडलं होतं. ती गेली नाही. तिने पुन्हा पाटी डोक्यावर घेतली, पण हाक द्यायची सोडली. दारात जाऊन हळू आवाजात विचारायची, "सोडे हवेत का?" गावाला ते विचित्र वाटे.

दोन वर्षांनी ती म्हसळ्याला गेली, राहीला भेटायला म्हणूनच. राही पडवीत तांदूळ निवडत होती. आवडाबाई तिच्याशेजारी टेकली. मग सुपावरची नजर न काढता राहीने कुजबुजत विचारलं, "त्या थांबल्या नं, मी उठीन म्हणून? मला ऐकू येत व्हतं."

आवडाबाईने हुंकार भरला.

"तुमी भी थांबला व्हता का?"

खोटं बोलणं सोपं होतं. उंबऱ्यावर पडले होते, गुडघा लागला होता, असं म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं.

"व्हय," आवडाबाई म्हणाली. "एक श्वासभर. मी भी थांबले व्हते."

राहीने मान हलवली. तांदळातला एक खडा तिने वेचला, अंगणात टाकला आणि दुसरा शोधू लागली. बऱ्याच वेळाने ती उठली, आत गेली आणि दोघींसाठी पेज घेऊन आली.