मामेसासऱ्यांचं मूठभर भात

आमच्या मामेसासऱ्यांसमोर बसून काकडी निश्चिंत मनाने खाईल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यांचं सगळं लक्ष आपल्या तोंडाकडे, बी गिळली की काय म्हणून! पूर्णा गावातली त्यांची शेती गेली, तिथे गोदामं झाली, मामा चौथ्या मजल्यावर राहायला आले. पण बियांचा लोभ काही सुटला नाही. लग्नात पपई वाढली की हे वाढप्याकडे बिया मागणार. एकदा त्यांचा सदरा आमच्या मशीनमध्ये धुतला, तर दुसऱ्या दिवशी जाळीत वालाला मोड! बी राखेत ठेवायचं, आणि गॅसच्या घरात राख कुठली? मग मामा डबा घेऊन भट्टीच्या बेकरीत. "भाय, थोडी राख दो ना. नान नको."

जीव मात्र त्यांचा एकाच बियात. त्यांच्या आईने जपलेलं तांबडं भात. "भाताचा बी थांबत न्हाय. दोन वरसां पेरला न्हाय का मेला," असं सांगून ते गोदामाच्या भिंतीमागच्या पट्टीत दरवर्षी ते पेरत. गेल्या वर्षी तिथेही सिमेंट पडलं. मग गच्चीवर, मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांत पेरलं. सगळं मिळून दोन जुड्या लोंब्या निघाल्या. एक जुडी त्यांनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आणून दिली. "ठेवा," एवढंच म्हणाले.

दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतातच. आम्ही झेंडूबरोबर हौसेने बांधल्या. संध्याकाळपर्यंत कबुतरांनी दाणा ठेवला नाही. बी होतं ते, हे हिला नंतर आठवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांना सांगितलं. ते उठले, राखेच्या डब्यातून आपली जुडी काढली आणि तिचे दोन भाग करून एक माझ्यापुढे धरला.

"म्हणून तं बी दोन घरी ठेवायचा."

"मामा, मला नको. तुमच्या मुलाकडे द्या."

"पोरगा इसरल. जावय, तुमी आता जल्मात इसरनार न्हाय."

यंदा मामांच्या गुडघ्यांना गच्चीचा जिना झेपत नाही. त्यांच्या वाटणीचंही मीच पेरलं. पातं हललं तरी कबुतर आलं म्हणून मी काठी घेऊन धावतो, आणि शेजारचे हसतात. त्या हसणाऱ्यांत मामा हवे होते, असं फार वाटतं.