एका कपाटातले सात डबे

गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी हरसूल ते सुरगाणा पट्ट्यातील सात टेकड्यांवरून सात डबे खाली उतरवण्यात आले. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी ते नाशिकमधील एका कार्यालयाच्या लोखंडी कपाटात ठेवण्यात आले. आज वैशाख संपत आला, तरी ते तेथेच आहेत. पहिल्या कृत्यास आदेशावर सही करणारे साहेब जबाबदार आहेत, दुसऱ्यास भांडारपाल, आणि तिसऱ्यास माझ्या पाच पत्रांपैकी चारांना उत्तर न देणारे त्या कार्यालयातील समस्त सेवक. कार्यालयाचे नाव मी देत नाही. ज्यांना हे लागू आहे ते स्वतःला ओळखतील. डबे मात्र माझ्या विहीणबाईंचे, म्हणजे माझ्या सुनेच्या आईचे. आणि नियम इतके काटेकोर पाळून इतक्या कार्यालयांची पंचाईत करणारी दुसरी व्यक्ती नाशिक जिल्ह्यात नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

विहीणबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या, पण तारांचा मोह सुटला नाही, तो फक्त बिनतारी झाला. हौशी रेडिओचा सरकारी परवाना त्यांनी चौकटीत घालून देवघरावर टांगला आहे आणि उदबत्ती दोघांनाही ओवाळतात. आमच्या मुलांच्या लग्नात त्या स्वतः मंगल कार्यालयाच्या दारात आणि त्यांचे परवानाधारक बंधू वाहनतळावर, असे बिनतारी संच घेऊन उभे होते. आजींना उतरवायला खुर्ची हवी, नवरदेवाचे मामा चुकून दुसऱ्याच मांडवात शिरले आहेत, असे निरोप येत-जात होते, आणि प्रत्येक निरोपाअंती त्या परवान्यावरचे आपले सांकेतिक नाव खणखणीत उच्चारीत, कारण नियमच तसा आहे. एवढ्यात आचारी आला आणि वाहनतळावरच्या टेंपोतून साखरेचे पोते मागवा म्हणाला. विहीणबाईंनी संच खाली घेतला. "दादा, हा तुमच्या धंद्याचा निरोप झाला. माझ्या परवान्यात धंदा बसत नाही." आणि शालू सावरीत, भर उन्हात मैदान ओलांडून, तो निरोप त्यांनी पायी पोहोचवला. या सोयरिकीबद्दल माझ्या मनात तोवर ज्या काही हरकती होत्या, त्या मी त्याच क्षणी मागे घेतल्या.

गंगापूर रोडवरील त्यांच्या सदनिकेत पीठ, डाळी आणि पापड गेली काही वर्षे पातेल्यांत राहतात, कारण घट्ट झाकणाचे सर्व डबे यंत्रांनी व्यापले आहेत. प्रत्येक डब्यात एक राउटर, एक बॅटरी, सौर पत्र्याची वायर आणि बाहेर डोकावणारी अँटेना. एका टेकडीवरचा डबा समोरच्या टेकडीवरच्या डब्याला निरोप देतो, तो पुढच्याला. मधला एखादा बंद पडला तर निरोप वळसा घालून जातो. मोबाइलचा टॉवर पडो, वीज जावो, डब्यांचे अडत नाही. प्रत्येक डबा त्या स्वतः एका हातात धरून, लिफ्टला नकार देत, गच्चीपर्यंत चार मजले चढतात; ज्या डब्याने धाप लागेल तो हलका करायला पुन्हा उघडला जातो. एकदा आम्ही चहाला गेलो असता मला हात धुण्यासाठी स्वयंपाकघरात पाठवण्यात आले, कारण न्हाणीघरात शॉवरखाली दोन डबे बसले होते. "तिथं आत्ता सुरगाण्याचा पाऊस चालू आहे, नाना," असे मला सांगण्यात आले.

हे डबे वापरणारी सात माणसेही त्यांनीच घडवली. हरसूलजवळच्या एका पाड्यावरची आशा कार्यकर्ती तीन महिने दर रविवारी जीपने येऊन त्यांच्या बाल्कनीत परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करीत असे आणि उत्तीर्ण झाली. गेल्या श्रावणात दरड कोसळून रस्ता बंद झाला, मोबाइल मुके झाले आणि पाड्यावरची एक बाळंतीण अडली. निरोप पाच टेकड्या ओलांडून आला आणि तिला न्यायला जीप दरडीच्या अलीकडे येऊन उभी राहिली. आई आणि मुलगी दोघी सुखरूप आहेत. विहीणबाईंनी त्या दिवशीच्या नोंदवहीत वेळ, सांकेतिक नावे आणि 'निरोप पोहोचला' एवढेच लिहिले.

आता चौथा जबाबदार इसम. तो मी. डबे कोणाच्याही नावावर नसणे मला बेकायदेशीर वाटले, म्हणून ते त्या कार्यालयाला देण्याच्या दानपत्राचा मसुदा मीच केला, आणि 'सदर संच कार्यालयाच्या मालकीचे राहतील' हे वाक्य माझेच आहे. मालकी आली म्हणजे जडवस्तू नोंदवही आली, नोंदवही आली म्हणजे वार्षिक पडताळणी आली, आणि पडताळणीसाठी वस्तू एका जागी डोळ्यांनी पाहाव्या लागतात. पाहून झाल्यावर त्या परत कोणी न्यायच्या, याचे कलम मसुद्यात नव्हते.

आम्ही दोघे कार्यालयात गेलो. भांडारपालांनी कपाट उघडले. डब्यांवरची गावांची नावे पांढऱ्या रंगाखाली गेली होती आणि वर क्रमांक होते. विहीणबाईंनी एकेक बटण दाबले, सात हिरवे दिवे लागले आणि त्यांच्या मोबाइलवर सातही डबे एकमेकांशी जोडलेले दिसले.

"बघा मॅडम, एकदम ओके," भांडारपाल म्हणाले. "काका उगाच पत्रं लिहितात."

"चालतात हो छान," विहीणबाई म्हणाल्या. "पण हे सातही एकाच कपाटात बोलतायत. ह्यांना एकमेकांना सांगण्यासारखं काय आहे?"

आठवड्याने मला जे एकमेव उत्तर आले, त्यात लिहिले होते की सर्व संच सुरक्षित असून त्यांचा परस्पर संपर्क समाधानकारक आढळला आहे. मी ते संतापून दोनदा वाचून दाखवले. विहीणबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. तेवढ्यात पाड्यावरून आशा कार्यकर्तीचा फोन आला. तिच्याकडे दोन बायका दिवसांत आहेत, आषाढात मोकळ्या होतील. "डबा कधी येईल बाई? नायतर मी डोंगरावरून कुकारा मारू का?" असे ती विचारीत होती. विहीणबाई हसायच्या थांबल्या. येईल, एवढेच म्हणाल्या.

त्यांनी आता नवे डबे करायला घेतले आहेत. परंतु वायरींना कथलाचा डाग देताना त्यांचा हात हलतो, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, आणि पाऊस येईपर्यंत दोनच होतील, सात होणार नाहीत, हे त्या बोलत नाहीत आणि मला दिसते. दानपत्राविषयी त्यांनी मला आजवर एक शब्द ऐकवला नाही. परवा मीच विषय काढला, तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, "कागद चांगला होता, नाना. जरा ही वायर धरा."

मी वायर धरली. पत्रे लिहिणाऱ्या हाताला एवढे काम कधी लागले नव्हते.

म्हणून ही मागणी. सातही डबे मृगापूर्वी आपापल्या टेकडीवर जाणार की नाही, याचे उत्तर सही करणाऱ्या साहेबांनी द्यावे. ते मला टपालाने नको. हरसूलच्या आठवडे बाजारात, भर गर्दीत उभे राहून, त्या आशा कार्यकर्तीला द्यावे, आणि त्या दोन बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्यावे.