फाटकासमोरचे तपासनीस

माघातल्या एका मंगळवारी सकाळी माझे सासरे वारले. त्यांनी चहा घेतला होता, कप विसळून पालथा घातला होता आणि चपला पायात घातल्या होत्या. शाळेची घंटा व्हायची होती.

तपासल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, असं व्रत घेऊन जन्माला आलेला दुसरा माणूस अख्ख्या माळव्यात झाला नसेल. ते बँकेत तपासनीस होते. नोकरी संपल्यावर बाकीची माणसं काम सोडतात. यांनी फक्त बँक सोडली. देवासला टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत ते एकटे राहायचे आणि आम्हाला भेटायला धारला यायचे. त्यासाठी इंदूरला बस बदलावी लागते. ही बस ते कधीही पहिली सापडेल ती घेत नसत. आधी टायर बघायचे, मग ड्रायव्हर चहा कसा पितो ते बघायचे. ज्याला चहाची घाई, त्याला सगळ्याचीच घाई, असं त्यांचं मत. बशीत ओतून फुंकर मारत पिणारा ड्रायव्हर सापडेपर्यंत ते बसस्टँडवर उभे राहत. त्यामुळे दुपारच्या जेवणाला बोलावलेले सासरे दिवेलागणीला पोचत आणि दारातच सांगत, "उशीर झाला, पण माणूस चांगला मिळाला."

या कामाला ते मुआयना म्हणायचे. खानावळीचा मुआयना हात धुवायच्या बेसिनवर, डॉक्टरांचा मुआयना त्यांच्याकडच्या मासिकांच्या जुनेपणावर. शेव घ्यायला गेले की आधी दुकानदाराच्या पोटाकडे बघत. स्वतःची शेव स्वतः न खाणाऱ्याकडून ते काही घेत नसत. मला बघायला बदनावरला आले तेव्हा त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नव्हता. पाणी मागितलं, आणि मी आत गेले तशी माझ्या फळीवरची दोन-तीन पुस्तकं काढून चाळली. एका पानावर हळदीच्या बोटाचा डाग होता. वडिलांना ओशाळल्यासारखं झालं. हे मात्र माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "वाचता वाचता फोडणी घालते. जमेल तुझं." मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि लोकांनी पुस्तकांवर डाग पाडू नयेत म्हणून पगार घेते. पण माझं लग्न त्या डागावर ठरलं, हे खरं आहे.

मुलगी पाचवी पास झाली आणि तिला सहावीत कुठे घालायचं, हा प्रश्न आला. आमच्या घराजवळ मुलींची एक जुनी खाजगी शाळा आहे. इमारत साधी, फी बेताची, आणि मुख्याध्यापिका अशा की सगळं गाव त्यांना बडी दीदी म्हणतं. त्या आपल्यातल्याच, धारच्या पवारांच्या दरबाराबरोबर आलेल्या मराठी घराण्यातल्या. पालकांशी हिंदीत बोलतात, मुलींना हिंदीत रागावतात आणि हिशेब चुकला की मराठीत पुटपुटतात. शाळा चांगली होती, याबद्दल दुमत नव्हतं. शंका होती ती टिकेल का, एवढीच. कारण बायपासला पिवळ्या बसगाड्यांची नवी शाळा निघाली होती, आणि गावातली दुसरी एक शाळा मागच्या साली दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडलीच नव्हती. तिथल्या काही मुली पुन्हा कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत. आईबाप म्हणाले, आता इतक्या लांब कोण सोडणार. मुलग्यांना मात्र लांब सोडायला सगळ्यांना वेळ मिळाला.

आमच्या शेजारी मंडीत सोयाबीनची आडत करणारे एक भिया, म्हणजे इकडच्या बोलीत भाऊ, राहतात. त्यांच्या दोन मुली त्याच शाळेत. एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "दादाजी, आप तो बैंक के आदमी. ये इस्कूल चलेगा कि नी चलेगा?"

सासऱ्यांनी चष्मा पुसला. असा प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कोणी विचारला नव्हता. ते म्हणाले, "मुआयना करना पड़ेगा." देवासला परत जायची पिशवी भरून तयार होती, ती त्यांनी पुन्हा उपसली.

पुढचे आठ-पंधरा दिवस आमच्या घरात शाळेशिवाय विषय नव्हता. संस्थेचा जमाखर्च बघावा असं माझ्या नवऱ्याने सुचवलं, तर ते हसले. "तो मीच लिहायला शिकवत होतो लोकांना. कागदावर सगळ्या शाळा चालतात." त्यांची पद्धत वेगळी. फुटलेल्या खिडकीला काच बसते की पुठ्ठा, ते त्यांनी रस्त्यावरून बघितलं. काच होती. शाळा सुटल्यावर ते शिक्षिकांच्या मागे मागे भाजीबाजारात गेले. महिनाअखेर असूनही एक बाई भाव न करता भेंडी घेताना दिसली, तेव्हा घरी येऊन समाधानाने म्हणाले, "पगार वेळेवर होतो." हे प्रकरण थोडक्यात निभावलं. दुसऱ्या दिवशी त्याच बाईंनी मला ग्रंथालयात गाठून विचारलं, "तुमच्याकडचे ते म्हातारे गृहस्थ भेंडीच्या व्यापारात आहेत का हो?"

खरी परीक्षा पुढेच होती. ते म्हणायचे, मुलींच्या शाळेत पैसा आहे की नाही ते संडासाच्या कडीवरून कळतं. तिथे त्यांना स्वतःला जाता येईना, म्हणून प्रवेशपरीक्षेच्या दिवशी नातीला कामगिरी दिली. परीक्षा देऊन ती बाहेर आली. गणित कसं गेलं हे कोणी विचारलं नाही.

"बाईसाहेब, कड्या?"

"सगळ्या लागतात, आजोबा. एक घट्ट आहे, पण लागते. आणि पाणी पण आहे."

"शाबास," सासरे म्हणाले, आणि तिला जिलेबी मिळाली. गणितात ती काठावर पास झाली होती.

आता एकच गोष्ट बघायची उरली होती. बडी दीदींचं घर लहान, म्हणून चैत्रात त्या आपल्या घरची गौर शाळेच्या हॉलमध्ये बसवायच्या आणि झाडून सगळ्या आयांना हळदीकुंकवाला बोलवायच्या. मराठी असो, माळवी असो, बोहरी असो, कैरीची डाळ आणि पन्हं सगळ्यांना. जाताना भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. आडतवाल्या भियांची बायको वर्षभर त्या डाळीची वाट बघायची. सासऱ्यांनी मला बजावलं, "सूनबाई, ओटीतले हरभरे तसेच घेऊन या. तोंडात टाकू नका. घाईत भिजवलेत की निवांत, ते बघायचंय मला."

मी शुक्रवारी गेले. हॉलला कुलूप होतं. झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "इस साल नी है."

मी येऊन तसं सांगितलं. सासऱ्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पन्हं बंद झालं." बुडत्या बँकेत आधी पाहुण्यांचा चहा बंद होतो, मग पंखे, मग पगार, असा त्यांचा नोकरीभरचा अनुभव. त्यांनी कोणाला बोलावून सांगितलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. भिया संध्याकाळी आले आणि त्यांनी विचारलं, तेव्हा ते इतकंच म्हणाले, "मैं होता तो ज़रा ठहर जाता."

आमच्या गल्लीत हे वाक्य रात्रीच्या जेवणाआधी फिरलं आणि सकाळी मंडीत पोचलं. तिथून परत आलं तेव्हा त्याचं 'इस्कूल बिक गया' असं झालं होतं. बघता बघता लोकांनी दाखले काढायला सुरुवात केली, भियांनीही आपल्या दोघींचे काढले. बायपासच्या पिवळ्या बसगाड्या आमच्या गल्लीत वळू लागल्या. सहावीत इतक्या थोड्या मुली उरल्या, की यंदा तो वर्ग उघडावा की नाही यावर संस्थेत विचार सुरू झाला. आम्हीही मुलीचा अर्ज भरून घरीच ठेवला होता. आमच्या दुधवालीची मुलगी त्याच वर्गात जायची होती. तिच्या आईने मला सांगितलं, "वर्ग नी खुला तो घर बैठेगी. बायपास कौन भेजे."

त्याच आठवड्यात बडी दीदी पुस्तक परत करायला ग्रंथालयात आल्या. मी धीर करून विचारलं, यंदा गौर का नाही बसवली.

"अगं, सासूबाई गेल्या माझ्या माघात," त्या म्हणाल्या. "इंदूरला दिरांकडे असायच्या. इथे परीक्षा तोंडावर आलेल्या, मुलींना कशाला सांगायचं? जाऊन आले गुपचूप. आता वर्षभर आमच्यात सण नाही. त्या मावशींना म्हटलं, कोणी विचारलं तर यंदा नाही म्हणून सांग." मग पुस्तक माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "लोकांनी शाळा विकली म्हणे माझी. कोणाला विकली ते कळलं तर मलाही सांग हो."

मी घरी आले. सासरे हरभरे निवडत बसले होते. मी सांगितलं तसे त्यांचे हात थांबले.

"सासूबाई गेल्या," ते म्हणाले.

"हो."

"म्हणून गौर नाही."

"हो, बाबा."

माझ्या सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांनी स्वतः देवासच्या घरात आकाशकंदीलसुद्धा लावू दिला नव्हता. दारात गुढी नसलेलं घर बघून, इथे कोण गेलं, असं आधी विचारायचं असतं, हे आमच्यातल्या लहान मुलालाही कळतं. ते म्हणाले, "सूनबाई, मी पैसेच बघितले हो." आणि उठून डगला घातला. डगला ते फक्त लग्नाला आणि बँकेच्या चौकशीला घालत.

मी बरोबर गेले. बडी दीदींनी त्यांना खुर्ची दिली. हे बसले नाहीत.

"आपण आमच्या शाळेची तपासणी केलीत म्हणे," त्या म्हणाल्या.

"केली."

"कड्यांची सुद्धा."

"कड्या उत्तम आहेत. एक घट्ट आहे, तेवढं तेल घाला."

"आणि निकाल?"

"शाळा पास आहे. मी नापास आहे. आपल्या घरात दुःख झालेलं, आणि मी पन्ह्याचा हिशेब करत बसलो."

बडी दीदींनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? लोकांना सांगा."

"सांगितलं तर म्हणतील, म्हाताऱ्याला काहीतरी मिळालं असेल. मला फाटकासमोर एक बाक टाकू द्या."

असा तो बाक आला. समोरच्या कडुनिंबाखाली सासरे सकाळी घंटेच्या आधी जाऊन बसत आणि दुपारी शाळा सुटायच्या वेळी पुन्हा. डगला, टोपी, गुडघ्यांवर हात. सहावीत नातीचं नाव त्यांनी स्वतः घातलं आणि पूर्ण वर्षाची फी एकरकमी भरली. हे त्यांनी आयुष्यात कोणत्याही संस्थेसाठी केलं नव्हतं. वर्तमानपत्राचं बिलसुद्धा ते महिना संपल्यावर देत, कारण मधेच पेपर बंद पडला तर. पहिल्या दिवशी रस्त्याने जाणारे भिया थबकले.

"दादाजी, आप यहाँ?"

"पोती यहीं पढ़ती है."

"पर आपने तो बोला था, ठहर जाओ?"

"बोला था. ग़लत बोला था. मेरी पोती अंदर है, मैं बाहर हूँ. बाक़ी आप देख लो."

भियांनी बघितलं. नुसतं बघत त्यांनी बरेच दिवस घालवले, मग धाकटीला परत आणलं, मग थोरलीला. लोक त्या रस्त्याने जायला लागले, निमित्त काढून. तपासनीस बाकावर आहेत की नाही, एवढंच बघायचे. ते असायचे. सर्दी झाली तरी मफलर बांधून असायचे, कारण, ते म्हणायचे, आपण एक दिवस दिसलो नाही तर लोक शाळेला ताप आला म्हणतील. सहावीचा वर्ग उघडला. दुधवालीची मुलगी माझ्या मुलीशेजारी बसली, आणि गणितात तिच्या बरीच पुढे गेली.

देवासला ते परत जाणार होते जूननंतर. मग राखीनंतर, मग दिवाळीनंतर. ती पिशवी कपाटावरच राहिली. बाकावर बसून ते काय करायचे, तर मुआयना. रिक्षावाल्यांचे ब्रेक बघायचे, डब्यांची झाकणं घट्ट आहेत का ते बघायचे, एखादी मुलगी रडवेली आत गेली की सुटल्यावर तिला थांबवून विचारायचे, "मामला निपटा?" ती हो म्हणाली की तिला खडीसाखर. पुढच्या चैत्रात बडी दीदींच्या घरचं वर्ष सरलं होतं. हॉलमध्ये गौर बसली. मी ओटीतले हरभरे तसेच घरी आणले आणि त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी बघितले नाहीत. मूठभर तोंडात टाकले आणि म्हणाले, "छान आहेत."

यंदा माझ्याकडे चैत्रगौर नाही. आमच्या दारात गुढीही नव्हती. कोणी काही विचारलं नाही, ज्यांना माहीत होतं त्यांनी आणि ज्यांना नव्हतं त्यांनीही. शुक्रवारी मुलगी शाळेतून डबा घेऊन आली, त्यात कैरीची डाळ होती. बडी दीदींनी निरोप दिला होता, ओटी पुढच्या वर्षी.

मुलगी आठवीत गेली आहे. कपाटावरची पिशवी मी अजून उतरवलेली नाही. शाळा सुरू आहे. बाक कडुनिंबाखाली आहे, आणि सकाळी मंडीत जाण्याआधी त्यावर भिया बसतात.